गिनती जुळेना

"यात हसायचं कुठं होतं?" मास्तरांनी विचारलं.

मी चाळीस पानं सलग वाचून दाखवली होती. आवाज बदलून, हातवारे करून. एकांकिका स्पर्धांत पंधरा वर्षं काढल्यामुळे वाचनाचा मला जरा माज आहे. मास्तर समोर मांडी घालून बसले होते आणि पानागणिक त्यांचा चेहरा अधिकाधिक सभ्य होत चालला होता. आपलं लिखाण ऐकताना समोरचा नम्र व्हायला लागला की समजावं, काम गेलं.

लिहीत होतो तुरुंगातल्या जगण्यावरची ब्लॅक कॉमेडी. तीस मिनिटांचा लघुपट. दिग्दर्शक मित्र, कॅमेरा मित्राच्या मित्राचा, पैसे सगळ्यांचे थोडे थोडे. मास्तर हे खरे मास्तर नव्हेत. चोरीच्या आरोपाखाली ते चौदा महिने न्यायाधीन बंदी म्हणून, म्हणजे खटल्याचा निकाल लागायचा असताना, आत होते आणि नंतर निर्दोष सुटले. बराकीत दहावीच्या पुढं शिकलेले मोजकेच, त्यामुळे सगळ्यांचे अर्ज हेच लिहायचे. जामिनाचा अर्ज, वकील मिळावा म्हणून अर्ज, चष्मा मिळावा म्हणून अर्ज. तिथं पडलेलं नाव बाहेरही चिकटलं.

माझ्या पहिल्या खर्ड्यात एक तोतरा हवालदार होता, सोन्याच्या साखळ्या घातलेला डॉन होता आणि चमच्यानं बोगदा खणणारी तिघांची टोळी होती.

"बोगदा ठीक आहे," मास्तर म्हणाले, "पण आमच्या बराकीत रात्री कूस बदलायची तर शेजारच्याला उठवावं लागायचं. माती टाकणार कुठं?"

बोलताना ते हसले नाहीत. मी मात्र हसलो आणि हसता हसता लक्षात आलं की चाळीस पानांत जे जमलं नाही ते या माणसानं दोन वाक्यांत केलं. बोगदा त्या रात्रीच बुजवला.

कल्पना सुचली होती ती २०२१ च्या एका बातमीवरून. सर्वोच्च न्यायालयानं जुलैमध्ये आग्र्याच्या तुरुंगातल्या तेरा जणांना अंतरिम जामीन दिला. गुन्ह्याच्या वेळी ते अल्पवयीन होते आणि तोवर चौदा ते बावीस वर्षं आत काढून बसले होते. जामीन झाला, पण माणसं सुटेनात, कारण आदेशाची प्रमाणित प्रत टपालानं पोचायची होती. तेव्हाचे सरन्यायाधीश रमणा भर न्यायालयात म्हणाले की या डिजिटल युगात आपण अजून आदेश पोचवणाऱ्या कबुतरांची वाट बघत आकाशाकडं डोळे लावून बसलोय. पुढं २०२२ मध्ये आदेश इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पाठवायची 'फास्टर' नावाची व्यवस्था सुरूही झाली. पण माझ्या डोक्यात ते कबुतर घर करून बसलं. मी पटकथेत खरंखुरं कबुतर घातलं होतं. सहा पानं कबुतर. तेही गेलं.

मग रीतसर अभ्यास करायचं ठरवलं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा तुरुंगांचा अहवाल काढला. देशभरात ५,७३,२२० बंदी, त्यांतले ४,३४,३०२ न्यायाधीन. शंभरातले शहात्तर. तुरुंग भरलेले १३१ टक्के. दिग्दर्शक म्हणाला, हे सुरुवातीच्या पाटीवर टाकू. मी नको म्हटलं. आकड्यानं प्रेक्षक गंभीर होतो, आणि एकदा गंभीर झालेल्याला परत हसवायला दहा मिनिटं जातात. आपल्याकडं होती तीसच. पण तो अहवाल वाचून एक गोष्ट झाली. माझा नायक शिक्षा झालेला कैदी होता, तो मी न्यायाधीन केला. शिक्षा झालेल्याला निदान किती दिवस राहायचंय ते ठाऊक असतं. तो दिवस मोजू शकतो. न्यायाधीनाकडं मोजायला फक्त तारखा.

विनोदाचं शास्त्रही थोडं चाळलं. फ्रॉइडनं १९२७ सालच्या विनोदावरच्या लेखात एक किस्सा दिलाय. सोमवारी एकाला फाशी द्यायला नेत असतात, तर तो म्हणतो, चला, आठवड्याची सुरुवात तर झकास झाली. ब्लॅक कॉमेडीचं सगळं मर्म यात आहे असं समजून मी तो मोठ्या उत्साहानं मास्तरांना सांगितला.

"त्याची तारीख तरी ठरल्या दिवशी लागली," मास्तर म्हणाले.

फ्रॉइड मिटून ठेवला आणि न्यायालयात जाऊन बसायला लागलो. दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात शेवटच्या बाकावर, दोन आठवडे. कुणी विचारलंच तर सांगायला एक काल्पनिक पुतण्या तयार ठेवला होता. कुणीच विचारलं नाही. तिथं कुणी कुणाला ओरडून बोलत नाही, टेबलावर हातोडा आपटत नाही. पुकारा होतो, कागद इकडून तिकडं जातो, पुढची तारीख पडते. एका बंद्याला व्हीसीवरून हजर केलं होतं, म्हणजे तुरुंगातल्या कॅमेऱ्यासमोर. नाव पुकारल्यावर त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि नेमकं तेव्हाच चित्र थिजलं. उघड्या तोंडाचा तो चेहरा भिंतीवर तसाच राहिला. वकील बोलले, सरकारी वकील बोलले, तारीख पडली. थिजलेल्या चेहऱ्याला तारीख मिळाली आणि पुढचं प्रकरण सुरू झालं. माझ्या शेजारची बाई त्या चेहऱ्याकडं बघून मान हलवत होती, जणू तो काय म्हणणार होता ते तिला कळलं होतं.

गोष्टीचा कणा सापडला तो बाहेरच्या व्हरांड्यात. एका पोराला जामीन झाला होता. त्याची आई वकिलाला विचारत होती, "मग तो संध्याकाळी येईल ना?" वकील सांगत होते, जामीन झालाय हो, पण जामीनदार कुठाय?

ज्यांचा कधी कोर्टाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी: जामीन 'होणं' आणि माणूस 'सुटणं' यांच्यामध्ये एक अख्खं रान पसरलेलं असतं. इतक्या रकमेचा जातमुचलका, म्हणजे स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा जामीनदार, अशी अट असते. जामीनदाराची ऐपत दाखवणारे कागद लागतात, ते तपासून पास व्हावे लागतात. ज्याच्या ओळखीत ऐपतदार माणूसच नाही, तो जामीन होऊनही आत. माझी मावसबहीण वकील आहे. तिनं मला १९७८ चा मोती राम खटला वाचायला लावला. मध्य प्रदेशातला गवंडी. सर्वोच्च न्यायालयानं जामीन दिला, तर खालच्या दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. त्या काळात, गवंड्याकडून. भाऊ जामीन राहायला तयार झाला, तर त्याला नाकारलं, कारण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. प्रकरण परत सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते हजारावर आणलं आणि जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं.

झालं, गोष्ट उभी राहिली. आमच्या नायकाला दुसऱ्याच प्रसंगात जामीन होतो. बराकीत पेढ्यांऐवजी बिडी वाटली जाते. उरलेली पंचवीस मिनिटं तो आतच आहे. बाकीचे त्याला 'पाहुणा' म्हणायला लागतात. झोपायच्या जागेची भांडणं झाली की पाहुण्याला मत नाही, "तू काय बाबा, सुटलेला माणूस." पटकथेतले मास्तर नवा अर्ज लिहायला बसले की पाहुण्याचा नंबर शेवटी, कारण त्याचं काम तर झालेलंच आहे.

भावाचा जिल्ह्याचा प्रसंग मी जसाच्या तसा घातला होता. दिग्दर्शकानं तो कापला. म्हणाला, कुणी विश्वास ठेवणार नाही. मी त्याच्यासमोर निकाल आपटला. तो म्हणाला, "मला पटलं रे. पण प्रत्येक प्रेक्षकाच्या शेजारी निकाल घेऊन तू बसणार आहेस का?" त्या दिवशी मला या कामातली खरी अडचण कळली. मी रचलेले विनोद खोटे वाटत होते आणि खऱ्या गोष्टी अतिशयोक्त. पुढचे दोन महिने मी सत्यात पाणी घालायचं काम केलं.

मावसबहिणीनं आणखी एक खोडा घातला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याच दुखण्यावर निर्देश दिलेत, म्हणाली. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलनं तुरुंगात पाठवायची. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात मुचलका भरला गेला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करायचा विचार करू शकतं. दिग्दर्शक घाबरला, "म्हणजे आपली गोष्टच रद्द?" मला उलटं वाटलं. इतका वेळ आमचा नायक नियमांअभावी अडकला होता, आता तो नियमांसकट अडकेल. त्यातून एक चांगला प्रसंग निघाला: अधीक्षक यादी पाठवतात, यादीवर उत्तर येतं की नावाचं स्पेलिंग तपासावं. तपासून पाठवतात. आता वडिलांच्या नावाचं.

इथं हवालदाराबद्दल सांगायला हवं. दुसऱ्या खर्ड्यात तोतरेपणा काढून मी त्याला क्रूर केलं होतं. मास्तरांना तोही पटला नाही. असे असतात, म्हणाले, नाही असं नाही. पण आमच्याकडचा रात्रपाळीवाला जाळीपाशी उभा राहून पोरीच्या शाळेचा अर्ज लिहून घ्यायचा. "तो पण आतच की. फरक एवढाच, त्याला पगार मिळतो आणि जामीन मिळत नाही." हे वाक्य मी उचललं आणि श्रेयनामावलीत मास्तरांचं नाव 'संवाद साहाय्य' म्हणून टाकायचं ठरवलं. त्यांनी नको म्हटलं. नाव पुन्हा कुठल्या यादीत नको.

शूटिंगची तयारी म्हणजे वेगळाच तमाशा. मुख्य नटानं भूमिकेत शिरण्यासाठी तेलंगणात जायचा हट्ट धरला. तिथं संगारेड्डीच्या जुन्या तुरुंगाचं संग्रहालय केलंय आणि २०१६ साली तिथं पाचशे रुपयांत चोवीस तास कैदी म्हणून राहायची योजना निघाली होती. दिग्दर्शकानं त्यावर कडी केली: उत्तराखंडात हल्द्वानीच्या तुरुंगानं म्हणे पत्रिकेत बंधनयोग असणाऱ्यांसाठी पाचशे रुपयांत एका रात्रीची सोय काढली होती, योग कटावा म्हणून. २०२२ ची बातमी आहे, मी रचलेली नाही. मास्तरांनी दोन्ही गोष्टी शांतपणे ऐकून घेतल्या. "दुसऱ्या दिवशी नक्की सोडतात?" हो. "मग ते लॉज झालं."

नट गेला नाही. त्याऐवजी मास्तरांनी त्याला आठवडाभर रोज तासभर जोडीनं उकिडवं बसवलं.

कपडेवाल्यानं पट्ट्यापट्ट्यांचे चाळीस गणवेश आणले. सिनेमातला कैदी म्हणजे पट्टे, हे त्याच्या रक्तातच होतं. मास्तर म्हणाले, पट्टे कसले? न्यायाधीन माणूस आपल्याच कपड्यात असतो. चौदा महिने मी दोन शर्टांत काढले, एकाची कॉलर उलटून शिवून घेतली. मग आम्ही सगळ्यांना घरून जुने कपडे आणायला सांगितलं. तर एक्स्ट्रा मंडळी इस्त्री करून आली.

सेट उभारला एका रिकाम्या गोदामात. कलादिग्दर्शिका भलतीच काटेकोर. तिनं २०१६ ची आदर्श तुरुंग नियमावली मिळवली आणि त्यातल्या मापानं, बराकीत माणशी ३.७१ चौरस मीटर, खडूनं जमिनीवर चौकोन आखले. दोन मीटर बाय दोन मीटरला थोडं कमी. मास्तर आले, चौकोनांवरून चालत गेले आणि म्हणाले, "कुणाचं लग्नकार्य आहे का?" शेवटी एका चौकोनात तिघं बसवले तेव्हा कुठं त्यांना ती बराक वाटली. ती पोरगी गप्प झाली. पण खडूच्या रेघा तिनं पुसू दिल्या नाहीत. चित्रपटात त्या दिसतात, माणसांच्या खालून मधूनमधून.

आणि मग गिनतीचा दिवस. तुरुंगात दिवसातून अनेकदा माणसं मोजतात. जोडीजोडीनं रांगेत बसवायचं आणि मोजत जायचं. आकडा जुळेपर्यंत कुणी हलायचं नाही. आमच्या प्रसंगात एकेचाळीस माणसं हवी होती. कॅमेरा लागला, हवालदार झालेला नट जोरात ओरडला, "चला, जोडीनं बसा!" सगळे बसले. चौकटीत काहीतरी खटकत होतं म्हणून सहायक दिग्दर्शकानं डोकी मोजली. बेचाळीस. पुन्हा मोजली. बेचाळीस. आधी वाटलं तो स्वतःला मोजतोय, म्हणून दिग्दर्शकानं मोजली. बेचाळीस. वीस मिनिटं झाली, उन्हानं पत्रा तापलेला, एक्स्ट्रांचे गुडघे बोलायला लागले. कुणीतरी उठायला लागला तर मास्तर, जे कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते, ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलले: "जुळल्याशिवाय उठायचं नाही!"

आणि कुणीही उठलं नाही. रोजावर आलेली, चहा मिळाला नाही तर निघून जाणारी माणसं. सगळी खाली बसली.

बेचाळिसावा निघाला गोदामाचा वॉचमन. बिचारा मोटार बंद करायला आत आला होता. कुणीतरी ओरडलं, बसा. तो बसला. शेजारी जोडीदार नव्हता म्हणून सरकून जोडीही पूर्ण केली. उठलात का नाही, विचारलं तर म्हणाला, सगळेच बसले होते.

दिग्दर्शक वैतागला होता. वेळ गेला, ऊन गेलं. मी मात्र एका बाजूला जाऊन पटकथेच्या पाठकोऱ्या कागदावर लिहायला लागलो होतो. आमचा शेवट तोवर भिकार होता. जामीनदार मिळतो, पाहुणा सुटतो, दारात आई. छाप काटा, दोन्हीकडून रडकं. आता नवा शेवट आला. जामीनदार मिळाला, कागद पास झाले, पण सुटकेचा आदेश जामीनपेटी, म्हणजे तुरुंगाबाहेरची असे आदेश टाकायची पेटी, उघडून झाल्यावर पोचला. म्हणजे आणखी एक रात्र आतच. पण गडबडीत कुणीतरी संध्याकाळीच पाहुण्याचं नाव पटावरून कमी केलंय. रात्रीच्या गिनतीत एक माणूस जास्त. कमी असता तर पळाला म्हणता आलं असतं, भोंगा वाजवता आला असता. जास्त असल्यावर काय करायचं याचा नियमच नाही. एका सुटलेल्या माणसामुळं चाळीस न सुटलेले रात्रभर उकिडवे.

मास्तरांना वाचून दाखवलं. या वेळी आवाज न बदलता.

"असं होत नाही," ते म्हणाले. "नाव गेटवर कटतं. माणूस बाहेर पडताना. आधी नाही."

म्हणजे एवढं सत्य गोळा करून शेवट खोटा. दिग्दर्शक माझ्याकडं बघायला लागला. महिनोन्महिने मास्तरांचा शब्द मी कायद्यासारखा मानला होता. मी म्हटलं, मास्तर, हे एवढं खोटं मला ठेवू द्या.

त्यांनी जरा विचार केला. "होत नाही. पण झालं असतं तर आतल्या कुणाला नवल वाटलं नसतं. ठेवा."

तो प्रसंग पहाटे चारपर्यंत चित्रित केला. वॉचमनला पैसे देऊन रीतसर जोडीत बसवलं.

संकलनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दीड महिना खोलीत अंधार आणि संकलकाच्या शिव्या. एक मात्र शिकलो. मी लिहिलेल्या विनोदी वाक्यानंतर नटाचा चेहरा दाखवला की विनोद मरायचा. तिथं बंद दाराचा, भिंतीवरच्या घड्याळाचा किंवा ट्रेमधल्या कागदाचा शॉट ठेवला की जगायचा. कुलपाचा आवाजही बदलावा लागला. आम्ही किल्ला बंद होतोय असा दणका घातला होता. मास्तर म्हणाले, कुलूप लागताना नाही हो त्रास होत. लावून झाल्यावर लागलंय का म्हणून दोनदा ओढून बघतात, ते ऐकवा.

पहिला खेळ तालमीच्या हॉलमध्ये, बावीस जणांसमोर. मास्तर दोन जुन्या सोबत्यांना घेऊन आले होते. थिजलेल्या चेहऱ्याच्या प्रसंगाला पहिल्या रांगेतून "हे जरा जास्तच" असं कुजबुजलेलं मला ऐकू आलं. स्पेलिंगच्या प्रसंगाला बरे हसले. नायक आपली पथारी वितीनं मोजतो, शेजाऱ्यानं रात्रीत चार बोटं खाल्लीत का बघायला, तिथं फक्त ते दोघं हसले, आणि इतके की लोक मागं वळून बघायला लागले. मी तो शॉट विनोद म्हणून घेतलाच नव्हता.

शेवटच्या गिनतीला आधी हशा, मग हळूहळू शांतता, मग पुन्हा कुठूनतरी एक न आवरलेलं हसू. अगदी हवं होतं तसं.

दिवे लागल्यावर एक गृहस्थ, स्वतः नाट्यसमीक्षा वगैरे लिहिणारे, माझ्याकडं आले. म्हणाले, बाकी ठिकाणी लेखकाचा हात दिसतो. व्हीसीचा प्रसंग तर सरळ सरळ रचलेला. पण शेवट अस्सल आहे, असं काही सुचत नाही, ते घडावंच लागतं. मी काही बोलायच्या आत ते मास्तरांकडं वळले आणि विचारलं, हे तुमच्या समोरच झालं ना?

मास्तरांनी माझ्याकडं एकदा पाहिलं.

"बराक नंबर पाच," ते म्हणाले. "श्रावणातली गोष्ट. पाऊस होता."